पाण्याची पाळी

"कुणी हलू नका," मामा म्हणाले.

मी पोळी लाटताना लाटणं हवेत धरून थांबले. आत्यांनी भाजीतला झारा थांबवला. मामा ओट्याशी स्टुलावर बसले होते आणि सिंकच्या नळाला कान लावून ऐकत होते. नळातून करंगळीएवढी धार गळत होती, म्हणजे खालची पातेली भरेपर्यंत माणसाची अंघोळ उरकावी.

"हवा आहे," मामा डोळे मिटून म्हणाले. "लाइनमध्ये हवा अडकलीय. ऐकू येतंय मला."

"ती पोळी करपतेय, त्याचा आवाज असेल," आत्या म्हणाल्या.

मी नवी नवरी होते. हसणं गिळायला शिकत होते. सांगलीकडे सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. माझे मामा म्हणजे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले भूपाल मगदूम. उभा जन्म त्यांनी कालव्यावर काढला. कुठल्या गावाला कधी पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, कुणी कालव्याचं दार फोडून चोरून शेत भिजवलं, कुणाची मोटार जप्त करायची, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. जीप थांबली की पाटकरी धावत यायचे. मग एक दिवस खात्यानं शाल घातली, नारळ दिला आणि जीप काढून घेतली.

जीप गेली, हुकूम तेवढे राहिले. ते घेऊन मामा स्वयंपाकघरात आले.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, त्यामुळे ते राज्य मी सुरुवातीपासून पाहिलं. भेंडी तिरकी चिरायची की सरळ, हे मामा ठरवत. कुकरची शिट्टी झाली की बाहेरच्या खोलीतून आवाज येई, "एक झाली!" मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या त्यांनी 'वापराच्या प्रमाणात' लावल्या होत्या. आत्यांचा हात पस्तीस वर्षांच्या सवयीनं हळदीकडे जायचा आणि तिथं मोहरी निघायची. एकदा वरणात हळदीऐवजी धनेपूड पडली, तर मामा म्हणाले, "नवीन पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. खात्यातही असंच व्हायचं."

आत्या काही बोलायच्या नाहीत. त्यांचं नाव पद्मावती. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. पण मी एक पाहिलं होतं. मामा मागं येऊन उभे राहिले की त्यांचे खांदे कानापर्यंत चढायचे, आणि मामा बाहेर गेले तरी बराच वेळ खाली यायचे नाहीत.

माझ्या नवऱ्याला, अभयला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आप्पा मदत करतायत. किती घरांत पुरुष स्वयंपाकघरात येतो सांग बघू?" अभय साखर कारखान्यात केमिस्ट. सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. लांबून साखर सगळ्यांनाच गोड लागते.

दिवाळी झाली आणि नळाची धार बारीक झाली.

घरातले बाकीचे नळ ठणठणीत होते. फक्त सिंकचा नळ रडायचा. पहिल्या दिवशी आत्याच म्हणाल्या, "अहो, या नळाला जोर नाही बघा." मामांनी पेपर खाली ठेवला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे पाण्याची तक्रार घेऊन आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं की मला वाटलं आता जीप मागवतील.

आधी त्यांनी नळाला बांधलेलं गाळणं सोडलं. आमच्या जैनांच्या घरात नळाच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं असतंच. "हाच अडथळा," मामा म्हणाले. फडकं काढलं, धार तेवढीच. मग नळाच्या तोंडाची बारीक जाळी फिरवून काढली. तिच्यात क्षार साठले होते, ते व्हिनेगरात रात्रभर भिजवून, जुन्या टूथब्रशनं घासून साफ केले. जाळी चांदीसारखी झाली, धार तेवढीच. मग शेजारून सायकलचा पंप आणून नळाच्या तोंडातून हवा मारली. सगळं पाणी उलटं मामांच्या बनियनवर आलं.

"प्रगती आहे," मामा भिजल्या अंगानं म्हणाले.

फ्रिजवर आता एक नकाशा चिकटला होता. गच्चीवरची टाकी, तिथून उतरणारी लाइन, वरचा मजला, आमचा मजला, खालचा मजला. जागोजागी बाण. मामा सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभे राहत, मग गच्चीवर जात, मग जिन्यातून पाइप ठोकत खाली येत. जेवायला बसले तरी डोळे नकाशावर. भेंडी तिरकी आली का सरळ, कुणाला पडलं होतं? आत्यांनी मिसळणाच्या वाट्या पूर्ववत लावल्या, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी एकदोनदा म्हटलं, "आत्या, सिंकच्या खाली बघू का मी? खाली एक कॉक असतो, तो..."

"तू राहू दे गं," आत्या म्हणाल्या. "खाली केराचा डबा आहे, झुरळं आहेत. आणि यांना वाटेल सून शिकवतेय."

मामांना तर खाली बघायची सोयच नव्हती. दोन्ही गुडघ्यांनी त्यांच्या आधीच निवृत्ती घेतली होती. शिवाय त्यांच्या मते पाण्याचा प्रश्न नेहमी वरूनच येतो. ओट्याखाली केराचा डबा, वरती अभियांत्रिकी.

शेवटी मी आणि अभयनं फार मागं लागून प्लंबर बोलावला. रफीक नावाचा, मिरजेहून आला होता. मामांनी दारातच त्याला टाकीपासूनचा इतिहास सांगायला घेतला. तेवढ्यात आत्या "घोटभर चहा टाकते हं" म्हणून आत गेल्या. रफीकनं येऊन नळ फिरवला आणि धो धो पाणी आलं. सिंकमधली वाटी उडून बाहेर पडली.

"साहेब, हा तर धबधबा आहे," रफीक म्हणाला.

मामा नळाकडे बघतच राहिले. रफीकनं चहा घेतला, पैसे नको म्हणाला आणि गेला. संध्याकाळी भांडी घासायला घेतली तर पुन्हा करंगळी.

"प्लंबरला बघून घाबरला असेल," आत्या म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर त्यानं डोक्याला हात लावला असता. मामांचं डोकं मात्र एकदम लख्ख झालं. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले.

"अभय, इकडे ये. त्रिशला, तूही ऐक. जे पाणी कधी येतं, कधी येत नाही, ते आपोआप जात नसतं. ते कुणीतरी घेतं. मी जन्मभर काय पाहिलं? टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. का? वरचा, हेडचा, मोटार लावून उपसा करतो. अधिकारी आला की मोटार बंद. अधिकारी गेला की चालू. प्लंबर आला तेव्हा काय झालं?"

"पाणी आलं," अभय म्हणाला.

"मोटार बंद झाली!" मामा म्हणाले आणि बोट वर केलं.

वरती दाभोळेबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त, एकट्या, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून दूधवाल्याला नुसतं "अर्धा!" म्हटलं तरी चौकातला दुसरा दूधवाला थबकायचा. किचनची लाइन टाकीवरून त्यांच्या ओट्यामागून आमच्याकडे उतरत होती. मामांच्या हिशेबी एवढं पुरेसं होतं. दाभोळेबाईंनी ओट्याच्या मागं छोटा पंप बसवला होता.

"एकट्या बाईला एवढं पाणी कशाला लागेल?" मी विचारलं.

"चोरीला गरज लागत नाही," मामा म्हणाले. "संधी लागते."

मी आत्यांकडे पाहिलं. त्या भाजी निवडत होत्या. पालकाची जुडी त्यांनी एवढ्या बारकाईनं निवडली की देठांसकट पानंही केरात गेली.

पुढचे दिवस मामांनी दाभोळेबाईंना सळो की पळो केलं. जिन्यात भेटल्या की "पाणी मिळतंय ना भरपूर?" असं विचारायचे. त्याही कमी नव्हत्या. "मिळतंय की. तुम्हाला पाजू का?" मग मामांनी सोसायटीचे चेअरमन पोतदार यांच्याकडे तक्रार केली. पोतदार भला माणूस, त्याला दोन्ही बाजूंची भीती. त्यानं बरेच दिवस टाळलं. पण मामा रोज सकाळी त्याच्या दारात. शेवटी ठरलं की रविवारी सगळ्यांसमोर दाभोळेबाईंच्या ओट्यामागची फरशी काढून लाइन उघडी करायची.

आदल्या संध्याकाळी आत्या मामांना म्हणाल्या, "राहू दे की. थोडं पाणी कमी आलं म्हणून काय बिघडलं? मी भागवतेय."

"तू भागवतेस म्हणूनच त्यांचं फावतं," मामा म्हणाले. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"फोडणार नाहीत ना पण? नुसतं बघणार ना?"

"नुसतंच बघणार," मामा म्हणाले. गवंड्याला ते सकाळीच सांगून आले होते.

रविवारी आम्ही वर गेलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, अभय बॅटरी घेऊन, पोतदार नुसते घाम पुसत, आणि छिन्नी-हातोडा घेतलेला गवंडी. दाभोळेबाईंचं स्वयंपाकघर दवाखान्यासारखं लख्ख. ओट्यामागं फिकट निळ्या फरश्या, एकीलाही डाग नाही. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"फोडा," त्या म्हणाल्या. "पण आत पंप निघाला नाही, तर मगदूमसाहेब, तुमचा ओटा मी माझ्या हातानं फोडणार. ऑपरेशनला उभी राहिलेली बाई आहे मी. हात थरथरत नाही माझा."

"खात्यात असताना मला कुऱ्हाडीच्या धमक्या आल्यात," मामा म्हणाले. "घाल रे घाव."

गवंड्यानं एक घाव घातला. निळी फरशी मधोमध तडकली. आवाज साऱ्या इमारतीत घुमला असणार, कारण दुसरा घाव पडायच्या आत जिन्यात पावलं वाजली आणि आत्या दारात आल्या. अनवाणी, दोन्ही हात कणकेनं भरलेले, श्वास लागलेला.

"थांबव रे बाबा ते," त्या गवंड्याला म्हणाल्या.

"पद्मा, खाली जा," मामा म्हणाले. "हे तांत्रिक काम आहे."

"तांत्रिकच सांगायला आलेय. तिथं पंप नाही. पाणी मी बंद करत होते."

कुणाला काही कळेना.

"सिंकच्या खाली कॉक आहे," आत्या म्हणाल्या. "तो मी फिरवत होते. रफीक आला तेव्हा उघडला. तो गेल्यावर परत फिरवला."

पोतदार मध्ये पडले. "चुकून धक्का लागला असेल, वहिनी."

"चुकून रोज कसा लागेल, भाऊजी?"

"पण का?" अभय म्हणाला. "आई, का पण?"

आत्यांनी मामांकडे बोट केलं नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कणकेचे हात एकमेकांवर घासत म्हणाल्या, "हे रिटायर झाले ना."

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही आलं नाही.

"हो, पण म्हणजे?" पोतदार म्हणाले.

"म्हणजे एवढंच," आत्या म्हणाल्या. "दिवसभर माझ्या मागं उभे असायचे. नळ बिघडल्यापासून नव्हते."

सगळ्यांत आधी कळलं ते दाभोळेबाईंना. त्यांचं हसू आधी पोटातून हललं, मग खांद्यात आलं आणि मग फुटलं. "अहो पद्माताई," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मला आधी सांगायचं तरी! मी खरोखरीचा पंप बसवला असता!"

गवंडी हसला. पोतदारांनी रुमाल तोंडावर धरला. अभय हसायला गेला आणि माझ्याकडे बघून थांबला, का कुणास ठाऊक.

मामा हसले नाहीत. ते बायकोकडे बघत होते. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण खात्यातली जन्माची सवय अशी सुटत नाही.

"किती आटे बंद करायचीस?" त्यांनी विचारलं.

"दीड," आत्या म्हणाल्या. "आधी पूर्ण एक केला होता. तुम्ही व्हिनेगर लावून आशेला लागलात, म्हणून आणखी अर्धा."

मामांनी मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. मग दाभोळेबाईंसमोर जाऊन त्यांनी दोन्ही हात जोडले. "चूक झाली," म्हणाले. त्यांच्या तोंडून ते शब्द याआधी कुणी ऐकले असतील असं मला वाटत नाही. आवाजही अनोळखी होता.

"फरशी बसवून द्या," बाई म्हणाल्या. "आणि अशीच निळी. तुमच्या पसंतीची नको."

त्यानंतर मामांनी बोलणं सोडलं. घरात कुकर शिट्ट्या देई, कुणी मोजत नसे. भेंडी आली, गेली. मामा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. अभय हळहळला. "आईनं सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. माणूस खचलाय."

"मग एकट्यात बोलल्या असत्या तर ऐकलं असतं का?" मी विचारलं.

"तू असं काही करणार नाहीस ना?" तो हसत म्हणाला. पण पुरतं हसत नव्हता. त्या आठवड्यात त्यानं मला स्कूटर कशी लावावी, दुधाची पिशवी कुठून कापावी आणि पदर कसा खोचावा, हे सांगून झालं होतं.

"तुझ्या नोकरीला किती वर्षं आहेत अजून?" मी विचारलं.

मला मिरजेच्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं, गणित शिकवायला. घरात इतकी कामं असताना नोकरी कशाला, असं अभयचं म्हणणं होतं, आणि मीही कच खात होते. आत्यांच्या कानावर ते गेलं. ताक घुसळता घुसळता त्या म्हणाल्या, "जा तू. दोघींनी घरात बसून एकाच माणसाकडून भेंडी चिरायला शिकायची काय गरज आहे?" मी गेले. त्या शाळेतून मागच्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले.

मामा बोलले ते एका दुपारी. जेवण झालं होतं. आत्या ताटं उचलत होत्या, मी वह्या तपासत बसले होते. मामांना मी दिसत होते, पण त्यांनी तरीही विचारलं. कदाचित साक्षीदार हवा असेल.

"पद्मा, नळ बिघडला होता ते दिवस... तुला बरे गेले?"

आत्या ताट धरून थांबल्या. खोटं बोलायला त्यांना पुरेसा वेळ होता.

"बरे गेले," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून इतके बरे गेले नव्हते."

मामांनी खाली पाहिलं. ताटाखालच्या पाटावर शिताचा एक कण पडला होता, तो त्यांनी बोटानं उचलून वाटीत टाकला. मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला की पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. जेवायला यायचे, ऊन उतरलं की परत जायचे. चपला धुळीनं माखलेल्या, चेहरा उन्हानं रापलेला, आणि भूक अशी की भेंडी तिरकी आहे की सरळ हे बघायच्या आत संपलेली. कुठे जातात, हे आत्यांनी विचारलं नाही. मीही नाही. अभयला वाटलं, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन बसत असतील. धर्माकडे वळले असतील.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी विश्रामबागेच्या बाजूनं भाजी घेऊन येत होते. तिथं रस्ता खणून नवी पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. मातीच्या ढिगावर छत्री धरून मामा उभे होते. खाली खड्ड्यात चारपाच माणसं पाइप बसवत होती आणि मामांचा आवाज पार चौकापर्यंत येत होता. "उतार! उतार बघा! अरे, पाणी काय जिना चढणार आहे? आधी वाळू घाला खाली, मग पाइप. अशी नाही, अशी!"

माझ्या बाजूला कामाचा मुकादम उभा होता. रस्ता ओलांडायला मी थांबले तसं त्यानं कामाचं सगळं रडगाणं ऐकवलं आणि शेवटी वैतागून म्हणाला, "बघा की ताई. रोज येतंय म्हातारं. सकाळपासून डोकं खातंय. कुणाचं आहे काय माहीत. घरात कुणी बोलायला नाही का यांना?"

मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या ओळखीतले आहेत का?"

मी मामांकडे पाहिलं. छत्री डाव्या हातात, उजवा हात हवेत, आवाजाला धार. खड्ड्यातला एकजण त्यांच्याकडे बघून "होय साहेब" म्हणाला. बहुतेक थट्टेनं म्हणाला असावा. पण मामांची मान ताठ झाली.

"नाही बाई," मी म्हटलं. "मी कधी पाहिलं नाही यांना." आणि झपझप चालायला लागले.

घरी येऊन मी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत्यांना सगळं सांगितलं. त्या गव्हाच्या पिठाचा डबा पुसत होत्या. त्यांचे खांदे जिथं असायला हवेत तिथं होते.

"काम मोठं आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"पार चौकापर्यंत खणायचंय म्हणे. पुढं आणखी फाटे आहेत."

"पावसाच्या आधी आटपेल?"

"मुकादम म्हणत होता, अवघड आहे. रोज थोडं थोडं परत खणावं लागतंय. कुणीतरी उताराची चूक काढतं."

आत्यांनी डबा खाली ठेवला, कोनाड्यातल्या पार्श्वनाथाकडे वळून हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "सावकाश होऊ दे, देवा."